हत्तीच्या पोटात गुलाबी मंडळी

१. पावडर

शाळेतून थेट काचघरात शिरले आणि आधी वाटलं, काकडीच्या पानांवर कोणाच्या तरी हातून टाल्कम पावडर सांडली आहे. वाकून बोट फिरवलं. बोट पांढरं झालं.

भुरी!

भुरी म्हणजे बुरशी. पानावर पिठासारखी पसरते, पान पिवळं पाडते आणि बघता बघता अख्खी वेल घशात घालते. ती उजव्या रांगेत असती तर बिघडलं नसतं. उजवी रांग आम्ही तुलनेसाठी मुद्दाम तिच्या तोंडी दिली होती. पण ही डावी रांग होती. डावी रांग आईची.

थांबा, नीट सांगते. माझं बोलणं सुटलं की सुटतं, बाबा मला टकळी म्हणतात ते उगाच नाही. गेल्या वर्षीपर्यंत मी वर्गात उभी राहून स्वतःचं नावसुद्धा पुटपुटत होते. आता शिक्षकच हात जोडतात, "बस गं बाई खाली."

आमचं घर पिकांच्या रोगांवर काम करणाऱ्या एका केंद्राच्या आवारात आहे. बाबा तिथलं काचघर सांभाळतात. आई तिथेच शास्त्रज्ञ होती. एकदा काचघरातल्या सगळ्या काकड्या भुरीने गेल्या आणि एकच वेल टवटवीत राहिली. आईने तिचं एक पान जेलीच्या डिशवर दाबलं आणि उचललं. काही दिवसांनी डिशमध्ये त्याच पानाचा ठसा उगवला. शिरांसकट, कडांसकट, चक्क गुलाबी! ते होते पानावर राहणारे जिवाणू. पान वाढताना एक प्रकारचं अल्कोहोल बाहेर सोडतं, त्यावर हे जगतात आणि बदल्यात पानाला बुरशीशी भांडायला शिकवतात. शिवाय जागा अडवतात. "बसच्या सीटसारखं असतं," आई म्हणायची, "आधी बसेल त्याची." ती त्यांना 'गुलाबी मंडळी' म्हणायची.

त्या मंडळींनीच तिला समुद्रापार नेलं. दोन वर्षांपूर्वी तिथल्या एका मोठ्या संस्थेने तिला बोलावून घेतलं. आता गोष्ट अशी होती, की आमच्या काचघरात डाव्या रांगेवर मंडळी फवारून चाललेली ही दुसरी चाचणी जमली, तर तिकडच्या शेतांवर मोठं काम सुरू होणार आणि आई आणखी तीन वर्षं तिकडेच. नाही जमली, तर करार संपला आणि आई घरी.

दर रविवारी फोनवर ती विचारायची, "कसं चाललंय?"

"एकदम मस्त," बाबा म्हणायचे. "तू आमची काळजी करूच नकोस."

"मस्त!" मी मागून ओरडायचे.

फोन ठेवला की बाबा चहा करायचे. दोन कप. मी चहा पीत नाही. दुसरा कप खिडकीत काकडीच्या कुंडीशेजारी निवत बसायचा. ही कुंडीतली वेल म्हणजे त्या टवटवीत वेलीची पणती. आई जाताना बिया देऊन गेली होती, त्या मी पेरल्या, मग त्यांच्या बिया, मग त्यांच्याही बिया पेरल्या. पाणी आठवेल तेव्हा घालते, तरी बया हिरवीगार.

तर डाव्या रांगेतली भुरी पाहून मला काय वाटायला हवं होतं? दुःख. तेच वाटलं. पण त्याच्या मागून मांजराच्या पावलांनी दुसरंही काहीतरी आलं. त्याला मी तिथल्या तिथे हाकललं आणि ओरडले, "बाबा!"

बाबा झारी घेऊन पलीकडेच उभे होते. त्यांनी लांबूनच पानाकडे पाहिलं.

"आली का," ते म्हणाले, आणि पुन्हा पाणी घालू लागले.

२. आळशी की मेलेले?

"थकली असेल तुझ्या आईची मंडळी," मोठ्या बाई म्हणाल्या. मोठ्या बाई केंद्राच्या प्रमुख. उंचीने माझ्या खांद्याला लागतात, पण त्या बोलल्या की पंखासुद्धा हळू फिरतो. "जिवाणू फार दिवस बाटलीत राहिले की आळशी होतात. आयतं खायची सवय लागते."

"आळशी झाले की मेले, बाई?"

"काय फरक पडतो?"

"पडतो ना! आळशी असतील तर पानावर बसलेले तरी सापडतील. मेले असतील तर ठसा उमटणारच नाही."

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "मग बघ की. डिश कपाटात आहेत. आणि एकही फुटली तर बाबांना सांगेन."

मी तीन गोष्टी डिशवर लावल्या. डाव्या रांगेतलं एक पान, फवारणीनंतर बाटलीत उरलेल्या पाण्याचा थेंब, आणि थंड कपाटात जपलेल्या मूळ नळ्यांमधला अंश. त्या नळ्या म्हणजे मंडळींचं माहेर. नवी बाटली भरायची तर त्यांतूनच विरजण घ्यायचं.

काचघरातलं बी आधी औषधाने धुतलेलं असतं, त्यामुळे तिथल्या पानांवर बाहेरचे पाहुणे नसतात. गुलाबी उगवलं तर ते आमचंच.

शेजारच्या टेबलावर चष्मेदादा बसला होता. तो इथे संशोधन करतो. त्याचं स्वतःचं बुरशी मारणारं रासायनिक औषध आहे आणि चष्मा त्याच्याहून मोठा आहे. आईची चाचणी फसली तर काचघरातली ती रांग त्याला मिळणार होती. मी खुर्ची त्याच्यासमोर ओढली.

"दादा, खरं सांग. आनंद झालाय ना?"

"कशाचा?"

"भुरी आली त्याचा."

"अगं, असं कसं म्हणेन मी?" त्याने चष्मा पुसला. "तोंडावर तरी कसं म्हणेन?"

"म्हणजे पाठीमागे म्हणशील!"

"टकळे, माझं औषध बुरशीला मारतं. तुझ्या आईची मंडळी पानाची समजूत घालत बसते. मला वाटायचं, असल्या समजुतीने काही होत नाही. मग वसंतातल्या पहिल्या चाचणीत मी माझ्या डोळ्यांनी डावी रांग स्वच्छ पाहिली. तेव्हापासून मलाच झोप नाही." तो खाली वाकून कुजबुजला. "मला हरायचंय तर नीट हरू दे ना. ही भुरी मलाही पटत नाही."

त्याच्यावरचा माझा संशय निम्मा झाला. निम्मा ठेवला. गुप्तहेराने एकदम सगळा सोडायचा नसतो.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर माझ्या डिश कपाटात नव्हत्या. त्या बाटलीमावशीच्या बादलीत होत्या. घासूनपुसून लख्ख.

३. बादली

बाटलीमावशी केंद्रातली सगळी काचेची भांडी धुते. तिच्या हातून एक डिश फुटलेली कोणी पाहिलेली नाही, आणि तिच्या तोंडून एक शब्द वाया गेलेलाही नाही.

"मावशी! माझ्या डिश!"

"रिकाम्या होत्या."

"रिकाम्या कशा असतील? कालच तर लावल्या!"

"तुझ्या बाबांनी आणून दिल्या. म्हणाले, यात काही यायचं नाही, धुऊन टाका."

मला ते पटेना. कारण गुलाबी मंडळी सावकाश उगवतात. इतर जिवाणू एका रात्रीत धिंगाणा घालतात, पण ही मंडळी आठवडाभर नटतात आणि मग उंबऱ्याबाहेर येतात. हे मला कोणी शिकवलं? बाबांनी! लहानपणी मी घाईने डिशचं झाकण उचललं की ते माझ्या हातावर टपली मारायचे. "धीर धर. मंडळी तयार होतायत."

त्याच बाबांनी दुसऱ्याच दिवशी डिश धुवायला टाकल्या?

चुकून झालं असेल, मी स्वतःला म्हटलं. आवरायची सवय आहे त्यांना. पण पुन्हा डिश लावल्या तेव्हा मी त्या कपाटात ठेवल्या नाहीत. आईचा जुना पांढरा कोट तिच्या टेबलामागे अजून टांगलेला आहे. त्याच्यामागे एक फळी आहे. तिथे ठेवल्या. कोटाला अजून तिच्या हँडक्रीमचा वास येतो. खरं तर येत नाही. मी तरीही नाक लावते.

आठवडा गेला. रविवारी फोनवर आईने विचारलं, "माझी रांग कशी आहे?" मोठ्या बाईंनी तिला अजून कळवलं नव्हतं, आणि बाबा म्हणाले, "बघतोय आम्ही." मी पहिल्यांदाच मागून ओरडले नाही.

सोमवारी कोट बाजूला केला.

पान: काही नाही. थेंब: काही नाही. माहेरच्या नळ्या: काही नाही. तिन्ही डिश काचेसारख्या स्वच्छ.

आळशी नव्हते. मेले होते. सगळेच्या सगळे.

आणि गंमत बघा, टेबलावरची बाटली तशीच गुलाबी होती. जराशी फिकट, पण गुलाबीच. कोणीतरी त्यांना असं मारलं होतं की रंगालाही पत्ता लागू नये.

४. हत्ती

"औषध घालून मारलं असतं तर वास आला असता," चष्मेदादा बाटली हुंगत म्हणाला. "आणि एखाद्या डिशमध्ये दुसरंच कोणीतरी उगवलं असतं. इथे चिटपाखरू नाही. म्हणजे शिजवलंय."

शिजवणारा आमच्याकडे एकच. हत्ती. कोपऱ्यातला तो मोठा वाफेचा कुकर, ज्यात भांडी आणि खाद्य निर्जंतुक करतात. वाफ सोडताना सोंड वर करून असा ओरडतो की नवी माणसं दचकून चहा सांडतात.

मी बाटली उजेडात धरली, आणि मला दिसलं. मला दिसलं! मी इतक्या जोरात किंचाळले की दादाचा चष्मा नाकावरून घसरला.

हत्तीत जाणाऱ्या प्रत्येक बाटलीला एक खास कागदी पट्टी लावतात. पट्टी पांढरी दिसते, पण वाफ लागली की तिच्यावर काळ्या रेघा उमटतात. म्हणजे बाटली शिजली की कच्ची, ते लांबूनही कळतं. आमच्या बाटलीला दोन पट्ट्या असतात. पहिली, आधी आतलं खाद्य शिजवताना लावलेली. ती काळी व्हायलाच हवी. मग बाटली गार झाली की तिच्यात मंडळी सोडतात आणि त्यानंतर नावाची पट्टी लावतात. तीही त्याच रोलमधली, पण ती कधी वाफ बघतच नाही. ती पांढरीच राहिली पाहिजे.

या बाटलीच्या दोन्ही पट्ट्यांवर काळ्या रेघा होत्या.

म्हणजे मंडळी आत गेल्यावर, नाव लागल्यावर, कोणीतरी बाटली हत्तीच्या पोटात घातली होती. थंड कपाटात धावले. नळ्यांवरच्या पट्ट्या: काळ्या, काळ्या, काळ्या.

मावशी पाय पसरून बसली होती. मी तिच्यासमोर मांडी ठोकली.

"मावशी, हत्ती चालवतेस तू."

"हो."

"मग ही बाटली तू घातलीस?"

तिने बाटली हातात घेतली, पट्टीवर नख फिरवलं आणि परत दिली. "मी चिकटपट्टी काढल्याशिवाय जुनी बाटली आत घालत नाही. शिजलेला डिंक काचेवरून निघता निघत नाही, नखं जातात माझी. हे माझं काम नव्हे."

"मग मोठ्या बाई?"

मावशी पहिल्यांदाच हसली. "बाईंना झाकण ढिलं करायचं कधी आठवलंय? त्यांनी हत्ती लावला की आत फटाके. ही बाटली अख्खी आहे."

"चष्मेदादा?"

"फवारणीच्या दिवशी सकाळी मी आले तेव्हा हत्तीला हात लावला, तर अंग कोमट. तुझा दादा दुपार व्हायच्या आत कधी उगवलाय?" तिने पाय जवळ घेतले. "मला वाटलं, कुंड्यांची माती शिजवली असेल कोणी."

कुंड्यांची माती कोण शिजवतं, ते तिने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. मावशीच्या आधी केंद्राचं कुलूप उघडणारा माणूस एकच आहे. त्याला काचघराच्या खिडक्या उघडायच्या असतात. झाकण किती ढिलं करायचं हे तो झोपेतही सांगेल. डिशमध्ये काही यायचं नाही, हे त्याला कोणाच्याही आधी ठाऊक होतं. आणि भुरी पाहून तो म्हणाला होता, "आली का." वाट पाहत असलेल्या पाहुण्याला म्हणतात तसं.

"मावशी," मी म्हटलं, "भुरी आली तर कोणाचा फायदा?"

"तू सांग."

"माझा," मी म्हणाले. आणि मग लक्षात आलं, आमच्या घरात हा फायदा हवा असलेली मी एकटीच नव्हते.

५. पट्टी

बाबा काचघरात रोगट पानं कापत होते. मी काही बोलले नाही. मी! बाटली त्यांच्यासमोर कुंडीच्या काठावर ठेवली, पट्टी त्यांच्याकडे करून.

त्यांनी कात्री खाली ठेवली. बाटली उचलून पट्टी वाचली.

"काढायला हवी होती," ते म्हणाले.

"बाबा, तुम्हीच मला शिकवलंत की पट्टी खोटं बोलत नाही. मग का नाही काढलीत?"

"हात लावला होता. निघेना." ते थांबले. "म्हणजे डिंकामुळे नाही गं. अक्षर तिचं आहे."

तेव्हा मला आठवलं. आई जायच्या आधी एका लांब पट्टीवर मंडळींचं नाव पुन्हा पुन्हा लिहून गेली होती आणि ती पट्टी थंड कपाटाच्या दाराला आतून चिकटवली होती. "लिहायचा कंटाळा नको तुम्हाला," ती म्हणाली होती. प्रत्येक नव्या बाटलीला बाबा त्यातला एक तुकडा लावायचे. आता दारावर काहीच उरलं नव्हतं. जे होतं ते बाटलीवर आणि नळ्यांवर. ते फाडून फेकणं त्यांना जमलं नाही. तिची मंडळी त्यांनी शिजवली, पण तिचं अक्षर सोलवेना. दुसरा कोणीही गुन्हेगार इथे फसला नसता.

"चाचणी जमली असती तर अजून तीन वर्षं," बाबा म्हणाले. "मी तिला म्हटलं होतं, जा. मनापासून म्हटलं होतं. आजही म्हणेन. पण त्या सकाळी बाटल्या तयार होत्या, बाहेर कोणी नव्हतं, आणि मला ती चहाला हवी होती. एवढंच. वाफ सुटली तेव्हा वाटलं, काय करून बसलो मी."

मला रागवायचं होतं. खूप वाक्यं तयार होती. पण त्यांच्या बोटांवर भुरी लागली होती आणि ते ती पुसत नव्हते.

"मलाही," मी म्हणाले. "मलाही हवी आहे ती."

आम्ही तिथेच दोन पालथ्या कुंड्यांवर बसलो. बाहेर शेडजवळ चष्मेदादाच्या कुंड्या दिसत होत्या. त्याने घरून आणलेली काकडीची रोपं. भुरीने पांढरी झालेली. या दिवसांत आवारातली एकूण एक काकडी पांढरी होती.

एकूण एक?

मी ताडकन उठले. "बाबा! आपली खिडकी!"

६. काखेत कळसा

त्या पणती वेलीला एक डाग नव्हता. चहाच्या कपाशेजारी, उघड्या खिडकीत, आवारातली सगळी भुरी वाऱ्यावर आत येत असताना!

जिवाणू बियांच्या सालीला बिलगून आईकडून लेकीकडे जातात, हे मोठ्या बाईंनीच मला नंतर समजावलं. तेव्हा मला एवढंच सुचलं की पान दाबायचं. बाबांनी कोपऱ्यावर अळीने कुरतडलेलं एक पान निवडलं, मी ते डिशवर ठेवलं, आणि दोघांनी मिळून एक-एक बोटाने दाबलं.

मग थांबलो. यावेळी कोणी डिश धुवायला नेली नाही. रोज सकाळी खिडक्या उघडायच्या आधी बाबा लांबूनच झाकणात डोकावायचे आणि मी त्यांच्या हातावर टपली मारायचे. "धीर धरा. मंडळी तयार होतायत."

एका सकाळी ती आली. आधी कडा, मग शिरा, मग अळीने खाल्लेला कोपरासुद्धा. गुलाबी.

मला उड्या मारायच्या होत्या आणि रडायचंही होतं. कारण हे गुलाबी म्हणजे काय, ते आम्हा दोघांना कळत होतं. ही डिश मी आईच्या कोटामागे ठेवून देऊ शकले असते. कोणाला पत्ताही लागला नसता. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. ठरवायचं मला होतं.

"बाईंना दाखवूया," मी म्हणाले.

मोठ्या बाईंनी ताज्या पानांवर मंडळी लावली, वर भुरी सोडली आणि भुरी हरल्यावरच मान डोलावली. "तीच." मग बाबांनी त्यांना सगळं सांगितलं. बाईंनी पंखासुद्धा थांबेल असं पाहिलं. "हत्तीची किल्ली टेबलावर ठेवा," त्या म्हणाल्या. "यापुढे माती मावशी शिजवतील. आणि तिला तुम्ही स्वतः सांगायचं. मी नाही."

रविवारी फोन लागला. बाबांनी एका दमात सांगितलं. हत्ती, पट्टी, अक्षर. पडद्यावर आई ताठ बसली.

"माझी मंडळी शिजवलीस तू," ती म्हणाली. "मला विचारलं का नाहीस? मला वाटायचं तुम्हा दोघांचं मस्त चाललंय. दर रविवारी तेच ऐकते मी. 'ये' असं एकदा तरी कोणी म्हटलंत का?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी, टकळी, जिला वर्ग बसवू शकत नाही, मला एवढा एक शब्द दोन वर्षांत सुचला नव्हता.

"आई," मी म्हणाले, "ये ना."

तिने डोळे पुसले. "जिवाणू येऊ शकतात गं इकडे. बी पाठवा, मंडळी येतील. त्यांच्यामागे माणसानेच कायम राहायला हवं असं थोडंच आहे. एक पेरणी इथल्या लोकांना उभी करून देते आणि येते. तेवढं करायलाच हवं." मग ती जवळ वाकली. "दाखव ना ठसा."

मी डिश कॅमेऱ्यासमोर धरली. तिने कुरतडलेल्या कोपऱ्यावर पडद्यावरूनच बोट ठेवलं.

"नाव नाही घातलंस डिशवर?"

"पट्टी लावलीय. कोरी आहे. तुझ्या अक्षरातल्या संपल्या."

"राहू दे कोरी," आई म्हणाली. "मी येऊन लिहीन."

बाबा चहा करायला उठले. दोन कप काढले, आणि यावेळी त्यातला एक त्यांनी परत फळीवर पालथा ठेवला. अगदी पुढे, हाताला लागेल असा.